थंडीत अडणारी मोटार

नाताळापासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांत ग्वाल्हेरकडील पहाट बोचरी असते, आणि पुष्कळदा दाट धुकेही उतरलेले असते. अशा पहाटे एखाद्या हौशी गृहस्थाने आपली जुनी अँबॅसडर बाहेर काढावी, चोक ओढताच ती गुमान सुरू व्हावी, तीन-चार किलोमीटर नीट चालावी आणि मग चौकात वेग कमी करताच दोन गचके देऊन बंद पडावी, हा अनुभव नवा नाही. दहा मिनिटे थांबले की तीच गाडी काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू होते. दुपारी मिस्त्रीकडे नेली तर तिच्यात दोष म्हणून सापडत नाही. मिस्त्री प्लग बदलतो, कंडेन्सर बदलतो, कॉइलवर संशय घेतो. मालकाचा खिसा हलका होतो आणि पुढच्या धुक्यात गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहते.

या दोषाचे मूळ कार्बुरेटरच्या जन्मातच आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. आरंभीच्या मोटारींत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा खेळवून ही वाफ मिळवीत. 1893 साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडीने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे इंजिनाला वेग आणि जोम आला. पण वाफ होताना द्रव आपल्या सभोवारची उष्णता शोषून घेतो. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने, आणि सुई टोचण्यापूर्वी डॉक्टर दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा जाणवणारा गारवाही त्याचाच. कार्बुरेटरच्या अरुंद कंठात हीच क्रिया क्षणाचीही उसंत न घेता चाललेली असते. तेथील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनीही खाली जाऊ शकते. बाहेर दहा अंश असताना आत पाणी गोठू लागते ते त्यामुळे. हवेतले बाष्प थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला बर्फ होऊन साचते. वेग कमी केला की झडप जवळजवळ मिटते, उरलेली फट बर्फाने बुजलेली असते, आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

येथे सामान्य समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट आहे. कडाक्याच्या थंडीत हा दोष उलट कमी दिसतो. शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरची हवा इतकी कोरडी असते की बर्फ साचण्यापुरते बाष्पच तिच्यात नसते. धोका असतो तो शून्य ते पंधरा अंशांच्या ओलसर, धुकट हवेत. विमानांच्या बाबतीत तर वीस-एकवीस अंशांपर्यंतही सावध राहावे लागते. तापमापक पाहून निर्धास्त झालेला मनुष्य फसतो तो येथेच.

मोटार अडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला तशी सोय नाही. 10 मे 1927 रोजी चार्ल्स लिंडबर्ग आपले ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ हे नवे विमान घेऊन सॅन डिएगोहून सेंट लुईसकडे निघाला. रात्री, ॲरिझोनाच्या डोंगराळ मुलखावर असताना, इंजिन खोकू लागले. विमान उंची गमावू लागले आणि खाली उतरण्याजोगी जागा दिसेना. थ्रॉटल व मिश्रण मागेपुढे करीत, घिरट्या घालीत त्याने कसेबसे इंजिन जागे ठेवले. पुढे ते सुरळीत झाले आणि तो इष्टस्थळी सुखरूप पोहोचला. जमिनीवर तपासले असते तर त्या इंजिनात काय दिसले असते? बहुधा काहीच नाही. परंतु लिंडबर्गने लक्षणांवरून अनुमान बांधले: उंचावरच्या थंड हवेत कार्बुरेटर गोठला असावा. न्यूयॉर्कला पोहोचल्यावर कार्बुरेटरकडे जाणारी हवा तापविणारे साधन त्याने बसवून घेतले. 20 मे रोजी तो अटलांटिकवर झेपावला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. इतिहासाने त्याच्या धाडसाचे कौतुक केले ते योग्यच. त्या साध्या तापकाचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो.

पुढे लहान विमानांत कार्बुरेटरला ऊब देणारा खटका ही नित्याची गोष्ट झाली. तरीही अपघात घडत राहिले, आणि चौकशी करणाऱ्यांपुढे विलक्षण अडचण उभी राहिली. अवशेष हाती येईपर्यंत बर्फ वितळून गेलेला असे. त्या दिवशीची आर्द्रता, तापमान आणि वैमानिकाचे शेवटचे शब्द एवढ्यावरून कारण ठरवावे लागे. अहवालात ‘संभाव्य’ हा शब्द येई तो यासाठी.

मोटारींत हा प्रश्न 1950 नंतरच्या दशकात विशेष जाणवू लागला, आणि त्याचे एक कारण गमतीचे आहे. थंडीत गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून तेलकंपन्यांनी हिवाळ्यासाठी अधिक उडते पेट्रोल पुरविण्यास आरंभ केला. गाडी लवकर सुरू होऊ लागली खरी, पण उडते पेट्रोल अधिक उष्णता शोषी आणि कंठ अधिक लवकर गोठे. मग त्याच कंपन्यांना बर्फ रोखण्यासाठी पेट्रोलात अल्कोहोलसारखी द्रव्ये मिसळावी लागली. कारखानदारांनी दुसरी वाट धरली. धूर नेणाऱ्या नळाची ऊब मिश्रणाच्या नळाला मिळेल अशी रचना त्यांनी ठेवली. फोक्सवॅगनच्या ‘बीटल’मध्ये तर त्यासाठी स्वतंत्र बारीक नळी होती. ती काजळीने तुंबली की ऊब बंद होऊन गाडी अडू लागे. काही ब्रिटिश गाड्यांत हिवाळा आला की हवागाळणीचे तोंड गरम नळाकडे वळवावे लागे. हे वळविणे विसरणारे मालक किती असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

इंधन थेट झडपेपाशी फवारणारी यंत्रणा आल्यावर नव्या मोटारींतून हा दोष गेला. भारतात 2000 सालानंतर कार्बुरेटरच्या मोटारी झपाट्याने मागे पडल्या. अँबॅसडरचे उत्पादन 2014 साली थांबले. मात्र जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांना आता वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. उलट ते पाण्यात मिसळून बर्फ जमू देण्यास अडथळाही करते. हौशी मालकांनी शोभेसाठी मूळची हवागाळणी काढून चकचकीत उघडी गाळणी बसविली असेल, तर कारखान्याने दिलेली ऊबही गेलेली असते.

निदान करताना प्रथम इतरांना दोषमुक्त करावे. बॅटरी अशक्त असेल तर गाडी सुरूच होण्यास कुरकुरते. चालू झाल्यावर वाटेत अडण्याशी तिचा फारसा संबंध नसतो. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात दव शिरले असेल तर इंजिन आरंभापासून अडखळते आणि तापत जाईल तसे सुधारते. पेट्रोलची वाट तुंबली असेल तर त्रास चढावर आणि वेगात होतो, ऋतू कोणताही असो. चोक अडकून राहिला असेल तर धूर काळा येतो. या सर्वांहून वेगळे असे, नीट सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत वेग मिटताच बंद पडणारे आणि विसाव्यानंतर आपोआप बरे होणारे दुखणे असेल, तर बॉनेट तेथेच, त्याच मिनिटाला उघडावे. कार्बुरेटरच्या बाहेरच्या अंगावर दवाचे थेंब किंवा पांढुरके दहिवर दिसेल, आणि इंजिन तापलेले असताना तो भाग हाताला बर्फासारखा लागेल. चार-पाच मिनिटांत इंजिनाची ऊब वर येते, दहिवर ओघळून जाते आणि मिस्त्रीला दाखविण्यासारखे काही उरत नाही.