होडीचं भाडं कोण भरतं?

आज बोलू या होडीबद्दल, आणि होडीत बसण्याच्या हक्काबद्दल.

युरोपच्या दक्षिणेला भूमध्य समुद्र आहे. तिथे पैसेवाले लोक सुट्टीत आठवडाभरासाठी अख्खी बोट भाड्याने घेतात. तांडेल, खलाशी, स्वयंपाकी सगळे बोटीवरच. किनाऱ्याने जायचं, आवडेल तिथे नांगर टाकायचा. ऐकून वाटतं, हे आपल्या जगातलं नव्हे. पण त्या समुद्राचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे.

आपलं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रवाटेची माहिती लिहून ठेवली, त्यात भडोचच्या खाली सोपारा आणि कल्याण ही नावं आहेत. ही गलबतं जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत आणि पावसाळी वारा शिडात घेऊन इकडे येत. भूमध्य समुद्राकडची दारू, काचसामान, तांबं, पोवळी असा माल ती भडोचला उतरवत. त्याच यादीत राजासाठी आणलेल्या वस्तूही आहेत: चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि देखण्या मुली. म्हणजे त्या बोटींमध्ये बाई होती ती माल म्हणून. तिचं भाडं दुसऱ्याने भरलं होतं, आणि तिला कुठे उतरवायचं हेही दुसऱ्यानेच ठरवलं होतं.

आता आपल्या चिंचणीकडे येऊ. तारापूरच्या खाडीपलीकडचं हे गाव. १९५०च्या दशकात तिथे जमिनीत ताम्रपट सापडले. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला दानाचा दस्त. त्यातला एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा आहे. तेव्हा इथे राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचं राज्य होतं. त्याच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी होता एक अरब मुसलमान. मोहम्मद या नावाचं संस्कृत रूप करून ताम्रपटात त्याला ‘मधुमती’ म्हटलं आहे. आणि या ताम्रपटातलं दान आहे ते एका देवीच्या मठाला. अरब अधिकारी, हिंदू राजा, देवीचा मठ, हे सगळं एकाच पत्र्यावर!

पण मला त्यातल्या दोन छोट्या गोष्टी फार मोठ्या वाटतात. या अधिकाऱ्याने दोन प्रवाहांवर फुकट तर सुरू केली होती, आणि संजाणला एक अन्नछत्र घातलं होतं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की पाणी ओलांडायला पैसे पडू नयेत. आपला मुलूख खाड्यांचा. पलीकडे माहेर, पलीकडे बाजार, पलीकडे वैद्य. ज्याच्या कमरेला पैसा नाही, तो अलीकडेच राहतो. फुकट तरीचा अर्थ बाईला जास्त कळतो, कारण तिच्या हातात पैसा सगळ्यात शेवटी येतो.

पुढे दिवस उलटे आले. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. समुद्रात गलबत न्यायचं तर त्यांचा परवाना काढायचा आणि त्यांच्या बंदरात जकात भरायची, असा त्यांचा कायदा होता. परवाना नसेल तर गलबत जप्त. समुद्र तोच, पण त्याला मालक उभा राहिला. १७३९च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई. किल्ल्यांच्या लढाया आपण शाळेत शिकलो. त्यांच्यामागे समुद्रावरच्या सत्तेचं भांडण होतं, हेही लक्षात ठेवावं.

१८६४ साली मुंबई-सुरत रेल्वे झाली. मग गाव बंदराकडून स्टेशनाकडे सरकलं. बोईसर, पालघर, डहाणू रोड वाढले. जुनी बंदरं मागे पडली.

आता पुन्हा भूमध्य समुद्राकडे वळू. तुर्कस्तानात बोद्रुम नावाचं गाव आहे. १९२५ साली जेवात शाकीर या लेखकाला शिक्षा म्हणून तिथे पाठवलं. तिथले लोक मासे धरत, समुद्रतळाचा स्पंज काढत. लेखक त्यांच्याच लाकडी बोटींतून मित्रांना घेऊन फिरू लागला, त्यावर लिहू लागला. त्यातूनच पुढे बोटसफरीचा मोठा धंदा उभा राहिला. म्हणजे आज श्रीमंतांची मानली जाणारी ही सफर मुळात कोळ्यांच्या होडीतून सुरू झाली.

आपल्याकडेही असं एक उदाहरण आहे, आणि ते बायकांचं आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया २०१७ पासून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. वल्ही त्यांच्या हातात. कांदळाच्या जाती, पक्षी, खेकडे यांची माहितीही त्याच सांगतात आणि भाडंही त्याच घेतात. कुठे त्या जुन्या गलबतातली मुकी मुलगी, आणि कुठे ही वल्हं मारणारी बाई!

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न आज ताजा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. मच्छीमार गावांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला आहे. मोठी जहाजं येतील तेव्हा छोट्या होडीला वाट कुठून, हे विचारणं हा आपला हक्क आहे. इतिहास एवढंच सांगतो की समुद्राचे नियम माणसंच करतात. कधी परवान्याचा नियम केला, कधी फुकट तरीचा.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींना बोलवा आणि विचारा: आजी, तुम्ही खाडी कशी ओलांडत होता? तरीवाल्याला काय देत होता, पैसे, भात की सुकी मासळी? बाईला एकटीला होडीत घेत का? जे सांगतील ते वहीत उतरवा, तारीख आणि आजींचं नाव घालून. चिंचणीचा ताम्रपट त्या अधिकाऱ्याने कोरून घेतला. आपला आपणच लिहायचा आहे.