शिलेदार, बारगीर आणि हिंगोलीचा रिसाला बाजार

हिंगोली शहरात रिसाला बाजार आहे, पलटण आहे आणि तोफखानाही आहे. घोडदळ, पायदळ आणि तोफा, असं अख्खं सैन्य मोहल्ल्यांच्या नावांत मुक्कामाला राहिलं आहे. 1819 ते 1903 या काळात इथे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या फौजेची छावणी होती. ही फौज पुढे ‘हैदराबाद काँटिंजेंट’ म्हणून ओळखली गेली. फौज गेली, नावं मात्र राहिली.

आता रिसाला म्हणावा तो मोटारसायकलींचाच. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतात, हँडलला आपट्याची पानं खोचतात. आणि पाच-दहा जणांनी मिळून माहूर किंवा थेट कोकण गाठायचं ठरवलं, की आठवडाभर आधी खल सुरू होतो. चेन ताणून घेतली का, क्लचची जादा केबल कुणाकडे आहे, कुणाचे टायर गुळगुळीत झालेत, सगळ्यात लहान टाकी कुणाची? गाडी काढायची तर दहा मिनिटं पुरतात, पण गाड्या काढायच्या तर नियोजन लागतं. हे नियोजन आपल्याकडे फार जुनं आहे आणि त्याचा इतिहास मला लढायांच्या इतिहासापेक्षा अधिक बोलका वाटतो.

दसऱ्याचंच घ्या. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, काळ्या मातीत घोड्याचे पाय गुडघ्यापर्यंत रुतणारे. त्यामुळे मराठा घोडदळ चार महिने छावणीत असे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघे. राजारामाच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत या व्यवस्थेचं वर्णन आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. हा आकडा मला थक्क करतो. एका घोड्याला दिवसाला पंचवीस लिटर पाणी धरलं, तरी पंचवीस घोड्यांना सहाशे लिटरच्या वर लागतं. म्हणून पखालजी. आणि नाल निखळलेला एक घोडा लंगडू लागला की सगळ्या तुकडीची चाल मंदावते. म्हणून नालबंद. जथ्याचा वेग सगळ्यात अडलेल्या जनावरावर ठरतो, हे ज्याला कळलं होतं त्यानेच हा हिशोब बांधला असणार. निघताना लष्करातल्या माणसांच्या चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर ती पुन्हा ताडून पाहिली जाई, हेही सभासद सांगतो.

तयारीचा अर्थ आणखी स्पष्ट होतो तो चिपळूणजवळ तळ दिलेल्या जुमलेदारांना गेलेल्या शिवकालीन पत्रात. ते 1670च्या दशकातलं. ते प्रसिद्ध आहे ते रयतेला उपद्रव देऊ नका या ताकिदीमुळे. पण त्याचा गाभा दाणावैरणीचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आत्ताच उधळली तर पुढे मिळणार नाही, घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा आशय. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणेल, कुणी गवत, कुणी लाकूड, कुणी भाजी. आणि लोकांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र जातं. आपण तयारी केली नाही, तर तिचा खर्च वाटेवरचं गाव भरतं. साडेतीनशे वर्षं झाली, तरी जथ्याने फिरणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागतंच.

आता खर्चाकडे येऊ. मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारातून किंवा दुसऱ्याकडून मिळे. काँटिंजेंटच्या रिसाल्यांनी हीच शिलेदारी पद्धत पुढे चालवली. भरती होणारा स्वार घोड्यासाठी आणि सामानासाठी रक्कम भरी, नोकरी सोडताना ती परत मिळे. पगार पायदळाच्या शिपायापेक्षा जास्त, पण त्यातूनच घोड्याचा दाणा, खोगीर, कपडे, सगळं भागवायचं. दोन स्वारांनी मिळून एक तट्टू किंवा खेचर आणि गवत कापणारा एक माणूस ठेवायचा. घोडा मेला तर नव्यासाठी मदत मिळावी म्हणून सगळ्यांच्या पगारातून वर्गणी कापली जाई. तिला ‘चंदा’ म्हणत. ज्याच्या नावावर अनेक घोडे असत, तो त्यांवर आपले बारगीर बसवी.

म्हणजे स्वार हा नोकरही होता आणि छोटा भांडवलदारही. त्याचं सगळं भांडवल चार पायांवर उभं. एका रोगाने ते आडवं होऊ शकत होतं. शिलेदार आणि बारगीर यांच्यातलं अंतर कधीकधी एका मेलेल्या घोड्याएवढंच होतं.

हाच खर्च वरच्या पातळीवर निजामाला भोवला. फौजेच्या पगाराची थकबाकी लाखांत गेली आणि 1853च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली द्यावा लागला. 1902मध्ये तो वार्षिक पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने गेला आणि पुढच्या वर्षी काँटिंजेंट ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झालं. हिंगोलीची छावणी उठली ती तेव्हा. दुसऱ्याच्या रिसाल्याचं दाणापाणी पुरवता पुरवता एक सुभा गेला.

काँटिंजेंटच्या घोडदळातून जी पथकं निघाली, त्यांपैकी ‘20वी डेक्कन हॉर्स’ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेली. 14 जुलै 1916 रोजी सोमच्या लढाईत हाय वूडजवळ तिच्या स्वारांनी भाले रोखून चढाई केली. पण शिलेदारी पद्धत त्या युद्धात टिकली नाही. स्वाराने स्वतःच्या गाठीला बांधलेल्या घोड्यावर अशी लढाई वर्षानुवर्षं चालत नाही. मेलेले घोडे भरून काढायला चंदा पुरत नाही. युद्धानंतर ती पद्धत बंद झाली. डेक्कन हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे, पण रणगाड्यांवर; 1965मध्ये खेमकरण भागात ती शर्मन रणगाडे घेऊन लढली. रणगाडा कुणी घरून आणत नाही.

मोटारसायकल मात्र घरूनच येते, बहुधा हप्त्यांवर. म्हणून गावातली पोरं सहलीला निघतात तेव्हा मला ती शिलेदारांची तुकडी वाटते. प्रत्येकाचं वाहन त्याचं स्वतःचं, त्याच्या ऐपतीप्रमाणे. एकाकडे नवी करकरीत गाडी, एकाकडे वडिलांची पंधरा वर्षांची, एक जण मागच्या सीटवर, म्हणजे बारगीर. आणि तीच गाडी सोमवारी दूध, हळदीचं बियाणं किंवा कुरिअरची पाकिटं वाहणार असते. ती बंद पडली तर सहल मोडतेच, रोजगारही बुडतो. अशा वेळी चेनला तेल, चाकात हवा हे सगळं हवंच. नालबंदाशिवाय तुकडी निघत नाही. पण जुन्या रिसाल्यांकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट मला चंदा वाटते. निघण्याआधी सगळ्यांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवायचे आणि ज्याची गाडी सगळ्यात जुनी, तिची दुरुस्ती त्यातून आधी करायची. शेवटी सगळे तिच्याच वेगाने जाणार असतात.