सिस्टर, कापसाचा बोळा आणि व्हिनेगर: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धचा महाराष्ट्रातील लढा

तलासरी तालुका गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या सीमेला टेकलेला. शेजारचा डहाणू अरबी समुद्राला भिडलेला. वारली, कोकणा आणि इतर आदिवासींची येथे मोठी वस्ती आहे. इथल्या पाड्यांतील स्त्रीच्या दृष्टीने आरोग्यव्यवस्था म्हणजे बहुतेक वेळा उपकेंद्रातील परिचारिका, म्हणजेच ‘सिस्टर’. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी याच सिस्टरकडे सोपवता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम बार्शी, उस्मानाबाद आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाले. त्या इतिहासाला एक काळी किनारही आहे.

पाश्चात्त्य देशांत पॅप चाचणीने या रोगाचे बळी बरेच कमी झाले होते. परंतु त्या चाचणीसाठी प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, पेशीतज्ज्ञ आणि स्त्रीने पुन्हा दवाखान्यात येणे, एवढे सगळे जुळावे लागते. खेड्यात त्यातले पहिलेच मिळत नाही.

पर्याय अगदी साधा निघाला. पातळ ॲसिटिक आम्लात, म्हणजे जवळपास व्हिनेगरमध्येच, कापसाचा बोळा बुडवून तो गर्भाशयमुखाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचे. कर्करोगपूर्व पेशींत केंद्रकाचे व प्रथिनांचे प्रमाण अधिक असल्याने तो भाग पांढरा दिसू लागतो. चांगला प्रकाश आणि सरावलेली नजर असली, की निष्कर्ष जागच्या जागी सांगता येतो.

बार्शीत 1987 मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने आणि टाटा स्मारक रुग्णालयातील संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत यांच्या या कामामुळे खेड्यातील कर्करोग प्रथमच आकड्यांत दिसू लागला. प्रबोधनानंतर स्त्रिया रोगाच्या आधीच्या टप्प्यात उपचारांस येऊ लागल्याचेही येथेच दिसून आले. नोंदवहीचे हे कंटाळवाणे वाटणारे काम नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.

1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग सुरू झाला. 52 प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांतील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली: एचपीव्ही चाचणी, पॅप चाचणी, व्हिनेगर चाचणी आणि चौथा नियंत्रण गट. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियंत्रण गटात या रोगाने 64 मृत्यू झाले, तर एचपीव्ही गटात 34. व्हिनेगरच्या गटात मात्र मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही.

परंतु तमिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी हीच तपासणी एकदाच केली आणि मृत्यू 35 टक्क्यांनी घटले. तेथे पांढरा डाग दिसलेल्या स्त्रियांवर परिचारिकाच त्याच भेटीत शीतोपचारही करत. मुंबईत 1998 पासून डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्या. 1,51,538 स्त्रियांच्या या अभ्यासात तपासणी गटातील मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2013 मध्ये जाहीर झाले. एकच द्रावण, तीन ठिकाणी तीन निकाल. प्रशिक्षण, देखरेख आणि उपचारापर्यंतचा पाठपुरावा यांवरच बहुधा सारे अवलंबून असावे.

आता ती काळी किनार. या सर्व प्रयोगांत नियंत्रण गटातील हजारो स्त्रियांची तपासणी झाली नाही. त्यांतल्या काही जणी याच रोगाने गेल्या. तपासणीने जीव वाचतात हे जगाला माहीत असताना हे समर्थनीय होते काय, असा सवाल अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सूबा यांनी ठणकावून विचारला. सहभागी स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली होती काय, हाही मुद्दा पुढे आला. संशोधकांचे म्हणणे असे की भारतात तेव्हा तपासणी ही रूढ व्यवस्थाच नव्हती, आणि भक्कम पुरावा नसता तर सरकार हलले नसते. दुसरे विधान इतिहासाच्या कसोटीवर बरेचसे उतरते. पहिले मात्र अस्वस्थ करते. ज्या स्त्रीला काहीच मिळत नव्हते, तिला काहीच न देणे म्हणजे ‘रूढ उपचार’ ठरतो काय? उस्मानाबादच्या प्रयोगाला गेट्स फाउंडेशनचा आणि मुंबईच्या प्रयोगाला अमेरिकी राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा निधी होता, त्यामुळे प्रश्नाची धार वाढते.

2016 मध्ये केंद्र सरकारने 30 ते 65 वयोगटासाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोग तपासणीचा आराखडा जाहीर केला. गर्भाशयमुखासाठी त्यात हीच व्हिनेगर चाचणी आहे. यादी आशा कार्यकर्तीने करायची, चाचणी प्रशिक्षित परिचारिकेने. मुंबईत दर दोन वर्षांनी झालेली तपासणी येथे दर पाच वर्षांनी अपेक्षित आहे.

आणि डहाणूकडून मुंबईला जाणारी लोकल? ती 2013 मध्ये सुरू झाली. तलासरी गावाला तर रेल्वे स्थानकच नाही. पांढरा डाग दिसल्यानंतरचा प्रवास सिस्टरच्या टेबलापासून सुरू होतो.