मुक्तिसदनातील विद्यार्थिनी-सेविका (१९०५) : स्वेच्छा, शिक्षण आणि मंडळीतील युवकसेवा

प्रस्तावना

पुणे-दौंड लोहमार्गावर मांजरी बुद्रुक स्थानक ओलांडून पूर्वेकडे गेले की पुढे केडगाव लागते. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, तर केडगाव आजही दौंड तालुक्यातील गाव आहे. पंडिता रमाबाई यांच्या मुक्तिसदनामुळे या गावाचे नाव जगभर पोहोचले. रमाबाईंचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने स्त्रीशिक्षण व समाजसुधारणा या अंगांनी झालेला आहे. ख्रिस्ती मंडळीतील तरुणांना सेवेसाठी कसे घडवावे, या प्रश्नाच्या दृष्टीने मुक्तिसदनाकडे क्वचितच पाहिले गेले. प्रस्तुत निबंधात १९०५ मधील एका प्रसंगाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : शारदासदनातील वाद

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन सुरू केले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. सदनात धर्मशिक्षणाची सक्ती असणार नाही, अशी भूमिका होती. तथापि रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्यावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदींच्या सल्लागार मंडळाने सदनाशी असलेला संबंध तोडला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

हा वाद सामान्यतः धर्मांतराचा वाद म्हणून सांगितला जातो. त्याच्या मुळाशी मात्र आणखी एक प्रश्न होता. आश्रयाला असलेल्या अल्पवयीन मुलीची स्वेच्छा कशी ओळखावी? उघड्या दाराला रमाबाई मोकळीक म्हणत होत्या, तर टीकाकारांना त्यात आमिष दिसत होते. दोन्ही बाजूंनी मुलींबद्दल पुष्कळ बोलले गेले. मुलींना मात्र फारसे कोणी विचारले नाही.

जून १९०५ मधील आवाहन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य भारतातून शेकडो निराधार मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आल्याने त्यांची व्यवस्था केडगावी करावी लागली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. या मुलींना अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, छपाई अशी कामे शिकविली जात.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमण्याचे आवाहन केले. आरंभी सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० च्या आसपास गेली. जून महिन्यात त्यांनी बायबल वर्गातील विद्यार्थिनींना विचारले की, लौकिक अभ्यास सोडून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगण्यास कोण तयार आहे? तीस तरुणी पुढे आल्या. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतूनच २९ जूनच्या पहाटे ज्याला ख्रिस्ती परंपरेत 'संजीवन' म्हणतात, त्या चळवळीला प्रारंभ झाला. पुढे मुलींच्या तुकड्या आळीपाळीने खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या.

या सुमारास मराठी मंडळ्यांत दीक्षित पाळकाचे पद पुरुषांपुरते मर्यादित होते. रेव्ह. नारायण वामन टिळक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १९०४ मध्ये, म्हणजे केवळ एक वर्ष आधी. केडगावच्या तीस तरुणींना अशी दीक्षा नव्हती आणि पदही नव्हते. तरीही त्या विद्यार्थिदशेत सेवेची जबाबदारी घेत होत्या. ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली, त्याच सेवा देणाऱ्या झाल्या, हे या प्रसंगाचे खरे महत्त्व होय.

अभ्यास की सेवा?

या आवाहनातील 'अभ्यास सोडून' ही अट मात्र विचार करावयास लावते. वेल्समधील १९०४ च्या संजीवनाची वार्ता केडगावी पोहोचली होती. तेथील इव्हान रॉबर्ट्स हा २६ वर्षांचा तरुणही पाळकपदाच्या पूर्वतयारीचे शिक्षण अर्धवट टाकून प्रचारास निघाला होता. त्याच्यापुढे घरी परतण्याचा मार्ग होता. दुष्काळातून आलेल्या मुलीला मुक्तिसदनाबाहेर घर नव्हते. जिने अन्न, वस्त्र आणि अक्षर दिले त्या माउलीने हाक दिल्यावर 'नाही' म्हणणे किती सोपे होते? वृत्तान्त बहुतांशी मिनी अब्राम्स, हेलन डायर यांच्यासारख्या परदेशी स्त्रियांच्या इंग्रजी लेखनातून आले आहेत. मुलींचे शब्द आपल्यापर्यंत दुसऱ्यांच्या तोंडून पोहोचतात. म्हणून त्यांच्या स्वेच्छेविषयी ठाम निर्वाळा देता येत नाही.

परंतु दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तीसच मुली पुढे आल्या, याचा अर्थ इतर अनेक जणी आल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी शाळा, माग व छापखाना चालूच राहिला. मुलींच्या मोठ्या आवाजातील सामूहिक प्रार्थनेवर टीका झाली, तेव्हा भारतीय ख्रिस्ती जनांनी आपल्या पद्धतीने भक्ती करावी, असे म्हणून रमाबाईंनी त्यांची पाठराखण केली. सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचे भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर (५ एप्रिल १९२२) प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या छपाईत मुक्तिसदनातील मुलींचे हात होते.

समारोप

आज पुण्यात धर्मसेवकांच्या शिक्षणाची मोठी केंद्रे आहेत. १९५५ मध्ये पेपल सेमिनरी कँडीहून येथे आली आणि १९८३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळहून बिबवेवाडीस स्थलांतरित झाली. मांजरी-हडपसर पट्ट्यात शिक्षणासाठी व नोकरीसाठी आलेले तरुण घरापासून दूर राहतात. त्यांच्यापैकी ख्रिस्ती तरुणांना मंडळी हाच आधार असतो. अशा वेळी विद्यार्थी-सेवकाने केडगावच्या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. तरुणांना केवळ सांभाळू नये, त्यांच्यावर जबाबदारीही सोपवावी. आणि जो आपल्यावर अवलंबून आहे त्याला हाक देताना नकार देण्याची वाटही मोकळी ठेवावी. १८९३ मध्ये वाद झाला तो आत येण्याच्या दाराबद्दल. सेवेचा कस मात्र बाहेर जाण्याचे दारही तितकेच उघडे आहे का, यावर लागतो.