हर्पीसचं औषध कसं सापडलं?

मागच्या व्याख्यानात आपण देवीच्या लशीपाशी थांबलो होतो. तिथूनच पुढे जाऊ. कारण ही लस हर्पीसवरही टोचली जायची! ओठांवर किंवा जननेंद्रियांवर पुन्हापुन्हा उठणारे फोड तिने थांबतील, अशी आशा होती. ते थांबले नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत फोडांना रंग लावून वर प्रकाश टाकायचे. तोही उपाय चाचण्यांत टिकला नाही. मेख अशी, की हे फोड आठ-दहा दिवसांत आपोआपच सुकतात. मग काहीही लावा, गुण आला असंच वाटतं.

'हर्पीस'चा ग्रीक अर्थ सरपटणं. आपला 'सर्प' त्याच मुळातला. आणि आपण जिला नागीण म्हणतो, तो हर्पीस झोस्टर, याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूचा. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही समजूत मात्र निराधार आहे.

औषध करणं अवघड का होतं? विषाणू आपल्याच पेशीत शिरून तिच्याच सामग्रीवर वाढतो. त्याला मारायला जावं, तर पेशीही मरते. १९६२ मध्ये आयडॉक्सयुरिडीन डोळ्याच्या हर्पीसवर लागू पडलं, पण ते पोटात देण्याजोगं नव्हतं.

तोड निघाली बरोज वेलकम कंपनीत. हॉवर्ड शेफर यांनी असायक्लोव्हिर बनवलं. ते चालतं कसं, हे गर्ट्रूड एलियन यांच्या चमूने उलगडलं. (एलियनबाईंकडे पीएच.डी. नव्हती, बरं का. १९८८ चं नोबेल मात्र मिळालं.) हे औषध निरोगी पेशीत जवळजवळ निजून असतं. विषाणूचं स्वतःचं एन्झाइमच त्याला जागं करतं, आणि मग विषाणूच्या डीएनएची साखळी तिथेच खुंटते. आम्हाला तरी औषधशास्त्रात इतकी देखणी युक्ती क्वचितच दिसते.

१९८२ मध्ये अमेरिकेत मलमाला मंजुरी मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठाने या रोगाला कलंकाची खूण ठरवलं! पुन्हापुन्हा उठणाऱ्या फोडांवर मलमाचा फारसा उपयोग नव्हता. खरा दिलासा १९८५ च्या गोळीने दिला. ती दिवसातून पाच वेळा घ्यावी लागे. १९९५ च्या व्हॅलासायक्लोव्हिरने ती कटकट कमी केली.

विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो, तिथून त्याला कोणतीच गोळी हुसकावत नाही. म्हणून आजही दोनच वाटा: मुंग्या आल्यासारखं वाटताच गोळ्या सुरू करायच्या, किंवा फोड वरचेवर येत असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घ्यायच्या. नागिणीत तर पहिल्या ७२ तासांत गोळी सुरू झालेली बरी. डोळ्याजवळ उठली तर एक दिवसही दवडू नये. आपल्याकडे नेमके हेच तीन दिवस पुष्कळदा नागीण उतरवून घेण्यात जातात.