गुडघ्यातले वंगण

‘वंगण कमी झालंय’ हे वाक्य हल्ली गॅरेजपेक्षा हाडांच्या डॉक्टरांकडे जास्त ऐकू येते. गाडीच्या आसावरून हा शब्द गुडघ्यात कधी उतरला असावा?

मुळाशी ‘अञ्ज्’, म्हणजे माखणे, हा धातू दिसतो. अंजन, अभ्यंग ही त्याचीच प्रजा. लॅटिनमधला ‘उंग्वेरे’ हा चुलतभाऊ. पण ‘वंगण’ याच धातूच्या ‘उपांजना’तून, म्हणजे माखण्यातून, आले म्हणावे, तर त्यातल्या ‘ज’चा ‘ग’ कसा व्हावा? चरकसंहितेत आसाला तेल देण्यासाठी ‘उपांग’ असा शब्द आहे, तिथे ‘ग’ तयारच मिळतो. राहिला आरंभीचा ‘व’. उपाध्यायाचा प्राकृतात ‘उवज्झाय’ आणि मराठीत ‘वझे’ झाला. त्याच वाटेने ‘वंगण’ आले असावे. हिंदीतले ‘ओंगना’ही याच घरचे दिसते. फारसी ‘रोगन’ मात्र नुसते यमकापुरते जवळचे. तेही मूळचे तेलच, पण मराठीत ‘रोगण’ होऊन लाकडाला चकाकी देत बसले.

गुडघ्याकडे जाणारा रस्ताही जुनाच. तेल दिलेल्या आसावर चाक नीट फिरते तसे श्लेष्म्यामुळे, म्हणजे कफामुळे, सांधे चालतात, असे सुश्रुत सांगतो. गंमत अशी की ‘श्लेष्मा’ आला ‘श्लिष्’वरून, म्हणजे चिकटण्यावरून. हालचाल सुकर करणाऱ्याचे नाव चिकट्या!

पण वंगणाकडे बोट दाखवताना हाडांच्या टोकांवरची कूर्चा बिचारी विसरली जाते. संस्कृत ‘कूर्च’ म्हणजे जुडगा. कुंचा, कुंचला त्यातूनच निघाले. सांध्यातल्या कूर्चेतही कोलॅजेनच्या तंतूंची जाळी असते आणि तिच्या वजनाचा सुमारे 70 ते 80 टक्के भाग पाणी. पाऊल टेकले की जाळीत अडकलेले पाणी भार पेलते, थोडे बाहेर पाझरते. भार हटला की पुन्हा आत शोषले जाते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून पोषणही याच ये-जा करणाऱ्या द्रवातून. झिजेच्या संधिवातात जाळी उसवते, पाणी धरून ठेवणारे रेणू निसटतात आणि भार खालच्या हाडावर येतो. म्हणजे तक्रार तेलापेक्षा आसाचीच अधिक.

आणि इथे चरकाचा ‘उपांग’ पुन्हा कामी येतो. तेलाने आस गुळगुळीत होतो असे तो म्हणत नाही. आस दृढ आणि क्लेश सोसणारा होतो, असे म्हणतो. घर्षण टाळणारे ते वंगण, हा आजचा आटोपशीर अर्थ यंत्रांच्या सहवासात रुळला असावा. आत मुरून बळ देणारे, हा जुना अर्थ कूर्चेतल्या पाण्याला अधिक शोभतो.