खोक्यावरची सूचना, भिंतीवरची सूचना

क्लॅरेन्स बोरेल हा अमेरिकेतील टेक्सासचा कामगार. १९३६ ते १९६९ अशी तेहतीस वर्षे तो गोद्यांमध्ये आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत गरम नळ्यांवर उष्णतारोधक आवरण चढवीत असे. त्या आवरणात ॲस्बेस्टॉस असे. संध्याकाळी कपडे धुळीने माखलेले असत, नाकातूनही धूळ निघे. ही धूळ चांगली नव्हे एवढे कामगारांना कळत होते. पण फुफ्फुसात पोचली की ती विरघळून जाते, अशी त्यांची आपापसातली समजूत होती.

ती विरघळत नाही. ॲस्बेस्टॉसचा गुण तोच आणि दोषही तोच. हे तंतुमय सिलिकेट खनिज जळत नाही, कुजत नाही, म्हणून बांधकामात ते इतके मानाने आले. मात्र बांबू चिरताना जसा उभा फाटतो, तसे त्याचे तंतू उभे चिरत जातात आणि डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक होतात. ते हवेत तासन्‌तास तरंगतात, श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच राहतात. आजार दिसू लागायला बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात.

१९६४ साली न्यूयॉर्कचे डॉ. आयर्विंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच ६३२ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुफ्फुसाच्या व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहा-सात मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४५ झाले होते. त्याच वर्षी काही उत्पादकांनी मालाच्या खोक्यांवर सूचना छापायला सुरुवात केली. तिचा आशय असा, की फार दिवस, फार प्रमाणात धूळ हुंगल्यास अपाय होऊ शकतो. मृत्यूचा उल्लेख नाही. बोरेलला मेसोथेलिओमा झाला आणि खटला उभा राहण्यापूर्वीच तो वारला. १९७३ साली अपील न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि या सूचनांतून धोक्याचे गांभीर्य कळतच नाही, असे बजावले.

पण सूचना कितीही स्पष्ट असली, तरी ती खोक्यावर होती. नळीला आवरण बसले की खोके कचऱ्यात जाते, इमारत उभी राहते, आणि आवरणात काय आहे हे माहीत असलेला माणूस निघून जातो. तीस वर्षांनी एखादा वायरमन किंवा नळकाम करणारा तिथे भोक पाडतो. त्याला कोण सांगणार?

न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे उदाहरण घ्या. उत्तरेकडील मनोऱ्याच्या पोलादी सांगाड्यावर आगीपासून संरक्षण म्हणून ॲस्बेस्टॉसमिश्रित लगदा फवारला जात होता. काम सुमारे चाळिसाव्या मजल्यापर्यंत आले असता १९७० साली ते थांबवून दुसरा पदार्थ वापरण्यात आला. अशी फवारणी अमेरिकेने १९७३ मध्ये बंद केली. आधी फवारलेले मात्र ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत, छतामागे तसेच राहिले.

मग सगळे खरवडून काढावे काय? ऐंशीच्या दशकात अनेकांनी तोच मार्ग धरला, आणि घाईने काढताना स्वस्थ बसलेले तंतू उडवले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत उपयोगी धडा हाच. १९९० साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सांगितले, की धड स्थितीतील ॲस्बेस्टॉस जागीच ठेवून त्यावर नजर ठेवणे पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. पण नजर ठेवायची तर ते कोठे आहे हे आधी ठाऊक हवे. शाळांच्या बाबतीत १९८६ चा कायदा होता : तपासणी करा, आराखडा ठेवा, दुरुस्तीवाले जेथे जातात तेथे सूचना लावा. व्यापारी इमारतींवर जबाबदारी आली ती मुख्यतः १९९४ च्या कामगार-सुरक्षा नियमाने. त्यातील एक कलम मला फार शहाणपणाचे वाटते. इमारत १९८० किंवा त्यापूर्वीची असेल, तर नळ्यांचे आवरण आणि फवारलेले थर ॲस्बेस्टॉसचेच समजायचे. नाहीत, हे सिद्ध करायचे काम मालकाचे. यंत्रखोलीच्या दारावर फलक आणि शक्य तेथे प्रत्यक्ष आवरणावर लेबल लावायचे, तेही मालकानेच. ब्रिटनमध्ये २००४ पासून घरगुती नसलेल्या इमारतींच्या व्यवस्थापकाला अशी नोंद ठेवावी लागते आणि काम सुरू होण्यापूर्वी ती कामगारांना दाखवावी लागते.

आपल्याकडे ॲस्बेस्टॉस म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते सिमेंटचे पत्रे. त्यांत तंतू सिमेंटने बांधलेले असतात, फवारलेल्या लगद्याइतके ते सहज सुटत नाहीत. पण पत्रा कापला, त्याला भोक पाडले, तो फोडला किंवा कोरडा घासला, की सुटतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद तो कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. ही नोंद पत्रा बनवणाऱ्याची झाली. शाळेच्या छपराचा तडकलेला पत्रा बदलायला जो शिडीवर चढतो, त्याने पत्रा कोरडा न कापता ओला करून अखंड उतरवावा, आणि त्या वेळी खालचा वर्ग रिकामा असावा, हे त्याला मुख्याध्यापकांनीच सांगायचे असते.